पुष्परचनेतील सामान्य द्रव्ये

गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून ज्या परदेशी कलांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले आहे, त्यांत जपानी पुष्परचनेचे, म्हणजे इकेबानाचे, नाव बरेच वरचे आहे. मुंबई-पुण्यास तिचे रीतसर वर्ग चालतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील वार्षिक पुष्पप्रदर्शनात तिला जागा असते. आणि आमच्या नाशकातही महानगरपालिकेने भरविलेल्या पुष्पोत्सवांत गुलाब, बोन्साय व कुंड्यांतील झाडे यांच्या जोडीने पुष्परचनेलाही स्थान मिळाले आहे. या कलेविषयी अलीकडे एक मत वारंवार कानी पडते. ते असे की, इकेबानाला फुलेच हवीत असे नाही, फुलदाणी तर नाहीच नाही. चहाची किटली, गंजलेली तार, वाळकी फांदी, भाजीची जुडी, फुटका माठ, हाताला येईल ते घ्यावे आणि रचना करावी. एका पक्षाला या मतात मोठे स्वातंत्र्य दिसते. दुसऱ्या पक्षाला त्यात थट्टेचा विषय सापडतो, व उद्या तुम्ही केरसुणीही दिवाणखान्यात उभी कराल, असे तो म्हणतो. आमच्या मते दोन्ही पक्षांनी मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. सामान्य वस्तू कलेत येऊ शकते की नाही, हा प्रश्न जपानात चारशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला. ती कोणत्या अटीवर येते, हा प्रश्न मात्र दर पिढीला नव्याने सोडवावा लागतो, आणि प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

या विचाराकडे नाशिककरांचे लक्ष जावे असे एक खास कारण आहे. मुसलमानी अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद असे होते. पेशवाईत नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. ज्या गावाला एकेकाळी फुलबागांवरून नाव मिळाले आणि ज्याच्या बाजारात आजही झेंडू, शेवंती व गुलाब यांचे ढीग उतरतात, त्या गावाने फुलाकडे पाहावे कसे, हे विचारावयास हरकत नसावी. आपण फुले तोलून घेतो, ओवतो, वाहतो, उधळतो. पाहतो मात्र क्वचितच.

इकेबाना या शब्दाचा अर्थ स्थूलमानाने 'फुलाला जिवंत ठेवणे' असा होतो. कापलेले फूल मरणाच्या वाटेला लागलेले असते; ते असे उभे करावयाचे की, ते अद्याप वाढते आहे, उजेडाकडे वळते आहे, असा प्रत्यय यावा, हे या कलेचे प्रयोजन. तिचा उगम बुद्धमूर्तीपुढे फुले ठेवण्याच्या आचारात आहे. क्योटो येथील रोक्काकुदो मंदिराच्या पुजाऱ्यांचा इकेनोबो हा संप्रदाय सर्वांत जुना. त्यातील सेन्केई नामक पुजाऱ्याच्या पुष्परचनेचा उल्लेख १४६२ सालच्या एका दैनंदिनीत सापडतो. बुद्धाला फूल वाहण्याची चाल जपानात गेली ती बौद्ध धर्माबरोबर, आणि तो धर्म मूळचा आपल्या देशातला. आमच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहत होते. परंतु एवढ्यावरून इकेबाना ही मुळात आपलीच कला, असे म्हणून मोकळे होणे हा निव्वळ आळस होईल. बीज येथून गेले असेल. झाड तेथल्या मातीत, तेथल्या माणसांच्या शतकानुशतकांच्या मेहनतीने वाढले.

सोळाव्या शतकात याच संप्रदायातील सेन्नो याने शिष्यांसाठी जे उपदेश लिहून ठेवले, त्यांत एक भेद स्पष्ट केलेला आहे. पूर्वीचे लोक सुंदर फुले आवडली म्हणून भांड्यात खोचीत. आपली रीत मात्र रान, डोंगर व पाणवठा यांचे स्वाभाविक रूप घरात उभे करण्याची आहे, असा त्याचा आशय. फुटक्या घटात उभी केलेली जुनी फांदी समोर ठेवून चिंतन करण्याची गोष्टही तेथे आली आहे. तेव्हा वाळकी फांदी आणि फुटके भांडे ही कोणा आधुनिकाची टूम आहे, असा समज ज्यांचा असेल त्यांनी तो सोडून द्यावा. या कलेच्या आरंभीच्या शास्त्रग्रंथांतच ती दोन्ही बसलेली आहेत.

शास्त्र हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. सोगेत्सू संप्रदायाचा अगदी पहिला पाठ घ्या. पात्राची रुंदी व खोली यांची बेरीज करावयाची; तिच्या दीडपट लांबीची मुख्य फांदी घ्यावयाची; दुसरी फांदी पहिलीच्या तीन चतुर्थांश, आणि तिसरी दुसरीच्या तीन चतुर्थांश. पात्र ३० सेंटिमीटर रुंद व ६ सेंटिमीटर खोल असेल, तर मुख्य फांदी ५४ सेंटिमीटर, दुसरी सुमारे ४० आणि तिसरी सुमारे ३० येते. उभ्या रेषेपासून पहिली सुमारे १५ अंश कललेली, दुसरी ४५ अंश, तिसरी ७५ अंश. या तिन्ही फांद्या पितळी सुयांच्या जड चकतीवर, जिला केन्झान म्हणतात, रोवावयाच्या. तीन फांद्या, तीन कोन, थोडी फुले, आणि उरलेली सारी मोकळी जागा. ही मोकळी जागा उरलेली नसते, राखलेली असते. तीच फांदीला वाढावयास वाव देते. ख्यालगायक समेवर मोकळेपणाने येतो तो ठेका अंगात मुरलेला असतो म्हणून. तद्वत् ज्याने पुढे किटली आणि तार वापरली, त्याच्या हातात हे गणित आधी मुरलेले होते, ही गोष्ट आपल्याकडील उत्साही मंडळी विसरतात.

सामान्य वस्तूला या कलेत प्रतिष्ठा मिळवून देणारा पुरुष म्हणजे चहाच्या विधीचा आचार्य सेन नो रिक्यू. तो १५९१ साली मरण पावला. कोळ्यांची मासे ठेवण्याची टोपली त्याने फुलांचे पात्र म्हणून वापरली, असे परंपरा सांगते. १५९० सालच्या ओदावारा येथील वेढ्याच्या वेळी त्याने बांबू तोडून फुलांची पात्रे केली, अशीही परंपरा आहे. त्यांपैकी एकाला तडा आहे व त्यातून पाणी झिरपत असे. तो तडा झाकण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. उलट त्या तड्यामुळेच ते पात्र चारशे वर्षे जपले गेले. रिक्यूविषयीची दुसरी कथा ओकाकुरा याने १९०६ साली चहावर इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात सांगितली आहे. रिक्यूच्या बागेतील गारवेलीच्या फुलांची कीर्ती ऐकून सत्ताधीश हिदेयोशी ती पाहावयास आला. बागेत एकही फूल नव्हते. सारी वेल उपटून टाकलेली. संतापून तो चहाच्या खोलीत शिरला, तो समोरच्या कोनाड्यात एकच फूल.

या कथेचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या हिदेयोशीला हे एकच फूल दाखविले गेले, त्याने स्वतःसाठी सोन्याने मढविलेली चहाची खोली करविली होती. रिक्यूची कोळ्याची टोपली आणि तडा गेलेला बांबू यांना जो अर्थ आहे तो या सोन्याच्या शेजारी. श्रीमंतीचे प्रदर्शन डोळ्यांसमोर असताना एका माणसाने साधी वस्तू पुढे केली, आणि तिच्याकडे पाहावयास एका बलाढ्य राजपुरुषास भाग पाडले. साधेपणा हा तेथे एक निर्णय होता, आणि निर्णयाला किंमत मोजावी लागते. अखेरीस त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूला आपला प्राण द्यावा लागला. त्याच्या मृत्यूची कारणे राजकीय होती असे मानावयास जागा आहे, म्हणून त्याचा संबंध आम्ही टोपलीशी जोडीत नाही. एवढेच म्हणतो की, जेथे काहीही सोडावे लागत नाही तेथे साधी वस्तू वापरणे ही केवळ आवड असते, तिला आणखी मोठे नाव देण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला. पुष्परचनेच्या शिक्षकाच्याच घरात जन्मलेल्या सोफू तेशिगाहारा याने १९२७ साली सोगेत्सू हा नवा संप्रदाय स्थापन केला. कोणीही, कोठेही, केव्हाही आणि कोणत्याही द्रव्यातून इकेबाना करू शकतो, ही त्याच्या शिकवणुकीची दिशा. युद्धानंतरच्या काळात त्याने लोखंडाचे तुकडे, दगड, झाडांची प्रचंड मुळे व वाहून आलेली लाकडे यांच्या रचना केल्या. त्याचा मुलगा हिरोशी, ज्याच्या वाळूतील स्त्रीवरील १९६४ सालच्या चित्रपटाने जगभर नाव मिळविले, तो १९८० साली संप्रदायाचा प्रमुख झाला आणि त्याने फाडलेल्या बांबूंच्या कमानींचे मोठमोठे बोगदे उभारले. 'कोणतेही द्रव्य' हे शब्द आज आपल्याकडे जे फिरत आहेत त्यांचे मूळ येथे आहे. मात्र ते शब्द उचलणाऱ्यांनी सोफूच्या कामाकडे नीट पाहिले, तर त्यांना असे आढळेल की लोखंडाची निवड करताना तो फांदीची निवड करणाऱ्याइतकाच काटेकोर होता. लोखंडाने जड व्हावे, दगडाने दबून बसावे, मुळाने पिळे दाखवावेत; फुलाला जे करता येत नाही ते त्यांनी करावे, याकरिताच त्यांना बोलावणे होते.

या सर्वांहून विलक्षण उदाहरण युकिओ नाकागावा याचे. हा १९१८ साली जन्मला, २०१२ साली वारला, आणि इकेनोबो संप्रदाय सोडल्यावर कोणत्याही संप्रदायाच्या आश्रयाशिवाय जगला. १९७३ साली त्याने नऊशे तांबड्या कार्नेशन फुलांच्या पाकळ्या एका काचेच्या पात्रात ठासून भरल्या, त्या आतल्या आत कुजू दिल्या, आणि ते पात्र पांढऱ्या जपानी कागदावर पालथे घातले. फुलांचा रस झिरपून कागदावर रक्तासारखा पसरला. त्या कृतीला त्याने फुलांच्या भिक्षूचे नाव दिले. येथे द्रव्य कोणते आहे पाहा: कार्नेशन, म्हणजे कोणत्याही शहरातील फुलवाल्याकडे मिळणारे, वाढदिवसाच्या गुच्छात हमखास असणारे फूल. अपूर्व द्रव्य एकही नाही. अपूर्व आहे ती एकच गोष्ट, की फूल मरते हे सत्य, जे झाकण्यासाठी सारी पुष्परचना खटपट करते, ते या माणसाने उघड्यावर आणले. आम्हांस ही कृती सुंदर वाटते असे म्हणवत नाही. ती विसरता येत नाही एवढे खरे. द्रव्य असामान्य असले म्हणजे रचना असामान्य होते, या समजुतीवर याहून चांगला उतारा आमच्या पाहण्यात नाही.

एवढ्या विवेचनावरून सामान्य वस्तूच्या प्रवेशाच्या अटी सांगता येतात. पहिली अट अशी की, त्या वस्तूचे नेहमीचे काम थांबले पाहिजे, पण त्या कामाची आठवण पुसली जाता कामा नये. रिक्यूची टोपली मासे ठेवावयाची राहिली, तरी ती कोळ्याचीच टोपली राहिली. तिला सोनेरी रंग दिला असता तर ती कोणाचीच राहिली नसती. दुसरी अट अशी की, ती वस्तू काढून घेताच रचना कोसळली पाहिजे. किटलीच्या जागी फुलदाणी ठेवूनही रचना तशीच राहत असेल, तर किटली तेथे केवळ मौज म्हणून आली आहे असे समजावे. तिसरी अट मोकळ्या जागेची. चार चमत्कारिक वस्तू एकत्र केल्या म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्याकडे पाहा म्हणून ओरडू लागते, आणि पाहणाऱ्याला कोणाकडेच पाहता येत नाही. वस्तू जितकी ओळखीची, तितकी निवडणाऱ्यावरील जबाबदारी मोठी. कारण गुलाब थोडाफार स्वतःच्या रूपावर तरून जातो, गंजलेल्या तारेला तसा आधार नसतो.

आता या अटी आपल्या परिसरातील वस्तूंना लावून पाहू. नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या वेळी काड्यांचे भारेच्या भारे बांधावर पडतात. द्राक्षाची काडी हातात घेऊन पाहावी. ती पेऱ्यापेऱ्याला किंचित दिशा बदलते, साल तंतूतंतूंनी सुटते, आणि वाळलेला ताणा जेथे आधार सापडला तेथेच गुंडाळलेला दिसतो. तारेवर चढण्यासाठी तिने केलेली सारी खटपट त्या रेषेत लिहिलेली असते. किंवा बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला जो गोल पांढरा फुलोरा येतो आणि ज्याला आमचे शेतकरी डोंगळा म्हणतात, तो घ्या. पोकळ, सरळ, मध्येच फुगीर झालेला हिरवा दांडा आणि त्याच्या टोकाला शेकडो बारीक फुलांचा चेंडू. त्यात नाजूकपणा आहे आणि बोजडपणाही आहे. जुन्या नाशकातील तांबटांनी ठोकून घडविलेली, आता माळ्यावर पडलेली घागर खाली ठेवून तिच्यात असा एकच डोंगळा आणि एकच द्राक्षाची काडी उभी केली, तर ठोक्यांच्या बारीक खळग्यांनी भरलेले तांबे, सुटलेली साल आणि फुलांचा तो चेंडू यांचा एकमेकांशी जो संवाद होईल, तो विकतच्या जरबेऱ्याने होणार नाही. तेथे घागर काढून काच ठेवली, तर सारे बिघडते. म्हणजे दुसरी अट पुरी झाली.

परंतु याच घागरीचे दुसरे एक रूप आपण पुष्कळ घरांतून पाहतो. तीच घागर, शेजारी सूप, सुपात कोरडी कणसे, मागे जात्याची तळी, पुढे कंदील, आणि या सर्वांतून डोके काढणारी दोन रंगविलेली वाळकी फुले. याला कोणी ग्रामीण रचना म्हणतात. आमच्या मते ही रचना नसून आठवणींचे दुकान आहे. ज्या घरात सूप कोणी हाती धरत नाही आणि जात्यावर कोणी बसत नाही, त्या घराने आपल्या आज्यांच्या श्रमाची हत्यारे शोभेला मांडली आहेत. त्यांकडे पाहून श्रम आठवत नाहीत, मालकी तेवढी आठवते. येथे पहिली अट मोडली गेली. वस्तूचे काम थांबले, आणि त्या कामाची खरी आठवणही गेली.

यापुढचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. सामान्य द्रव्यांतून रचना करण्याची आपली स्वतःची काही रीत आहे की नाही? वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत फुले अंथरणे, तांदूळ व फुले यांच्या आकृती काढणे, माळा गुंफण्याचे प्रकार, डोक्यावर धारण करावयाचे गजरे सजविणे, अशा कला आढळतात. या नावांवरून एक गोष्ट ध्यानात येते. आपला ओढा गुंफण्याकडे आणि अंथरण्याकडे आहे. आपण फूल देठापासून तोडतो, आणि देठ टाकून देतो. माळेत फूल दुसऱ्या फुलाला चिकटून बसते. रांगोळीत त्याची पाकळी होते. पूजेत त्याची ओंजळ होते. जपानी रचनाकार देठापासून सुरुवात करतो. एका बाजूला भरगच्चपणाचे, गंधाचे आणि समूहाचे सौंदर्य आहे. दुसऱ्या बाजूला रेषेचे आणि एकटेपणाचे. यांत उच्चनीच ठरविण्याचे कारण नाही. मोगऱ्याच्या गजऱ्याने जो आनंद दिला आहे तो केन्झानवर उभ्या केलेल्या मोगऱ्याने कधी दिला नसता.

तथापि, जेथे आपण देठ टाकला नाही अशाही काही जागा आहेत, आणि त्या नेमक्या सामान्य द्रव्यांच्या आहेत. तेरड्याची गौर घ्या. मूळ, खोड, फुले यांसह उपटलेला रानातला तेरडा घरात येतो आणि तीन दिवस देवी होतो. खड्यांच्या गौरीत तर फूलही नाही. नदीवरचे किंवा पाणवठ्यावरचे पाच-सात खडे उचलून मौनाने घरी आणावयाचे. तुळशीच्या लग्नात वृंदावनाभोवती उसाची धाटे उभी राहतात. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब लागतात. घटस्थापनेत पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरून त्याचे पिवळट हिरवे कोंब नऊ दिवस वाढविले जातात, आणि वर कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ रोज सोडली जाते. आणि गणपतीची पत्री? आघाडा, धोत्रा, रुई, माका, बोर, डोरली. तिच्यातील निम्म्याहून अधिक पाने अशी की, एरव्ही त्यांना कोणी घराच्या आत घेणार नाही.

या सर्वांत रचनेच्या दृष्टीने आम्हांस श्रेष्ठ वाटते ती गुढी. उंच कळकाची काठी. तिच्या टोकाला रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार, साखरेची गाठी. आणि या सर्वांवर पालथा घातलेला तांब्या. प्रत्येक वस्तू घरातली वा दारातली. रेषा एकच, उभी किंवा किंचित कललेली. तिच्या विरुद्ध दिशेने खाली कोसळणाऱ्या वस्त्राच्या चुण्या. कडू पानाला लागून गोड गाठी. साऱ्या इकेबानात पात्र खाली असते आणि ते फांदीला धरून ठेवते. गुढीत पात्र वर आहे आणि पालथे आहे. त्यात पाणी राहत नाही, फूल राहत नाही. चैत्रातले सकाळचे ऊन तेवढे त्याच्या पाठीवर राहते. आणि तिच्यामागे जी मोकळी जागा लागते ती कोनाड्याची नव्हे, आकाशाची. सामान्य वस्तूंतून एवढी धीट रचना आपल्या घरोघरी होत आली आहे, आणि तिच्याकडे रचना म्हणून आपण कधी पाहिलेले नाही.

तसे न पाहण्याचे कारणही उघड आहे. गुढीतील प्रत्येक द्रव्य एका संकेताने बांधलेले आहे, आणि संकेत पुरा झाला की आपले समाधान होते. एकवीस पत्री मोजून झाल्या की, एकविसांतील कोणते पान कातरलेले, कोणते लवदार, याची पृच्छा कोणी करीत नाही. जोवर मुले स्वतः रानात, बांधावर जाऊन पत्री आणीत होती, तोवर हातांना तरी ती पाने ओळखत होती. आता पत्री जुडी बांधून बाजारात मिळते. तीत काय आहे हे घेणाराही पाहत नाही आणि देणाराही. गुढीही तयार मिळते, वीतभर उंचीची, जरीच्या कापडाची, तांब्याच्या जागी चकचकीत पत्र्याची वाटी लावलेली. तेरड्याच्या जागी कागदी व प्लॅस्टिकची फुले आली आहेत. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण हिणवून म्हणतो; पण तीन दिवसच टिकतो म्हणून तो पाहावा लागतो. जे वर्षानुवर्षे टिकणार आहे त्याकडे आज पाहण्याची घाई कोणाला? अशा रीतीने संकेत उरतो व द्रव्य जाते, आणि द्रव्य गेले की काही वर्षांनी संकेतालाही अर्थ राहत नाही. आमच्या मते या विषयात जे खरोखर पणाला लागले आहे ते हे.

म्हणून इकेबानाचे येणे आम्हांस स्वागतार्ह वाटते. मात्र ते कशासाठी, याचा विवेक हवा. जपानी चकती, जपानी उथळ पात्र आणि जपानी नावे यांची आयात करून, त्यात फुलवाल्याकडची परदेशी फुले खोचून, पुन्हा ती हिरव्या कृत्रिम स्पंजात रोवून, जो देखावा उभा राहतो त्यात जपान नाही आणि आपणही नाही. तो स्पंज मातीत मिसळत नाही, हे तर वेगळेच. शिवाय ही कला म्हणजे गृहिणींनी दुपारी करावयाचा एक नाजूक छंद, अशी जी समजूत आहे तीही टाकून द्यावी. ज्या जपानात ही वाढली तेथे पुजारी, योद्धे आणि चहाचे आचार्य यांनी ती घडविली. मुलींच्या शिक्षणाचा भाग ती बऱ्याच उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर झाली. घरातील पुरुषांना व मुलांना एका फांदीकडे दहा मिनिटे पाहावयास लावणे हे तिचे मोठे कार्य ठरू शकेल.

परकी कला आपल्या भाषेत कशी रुजते याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहेच. हायकू हा जपानी काव्यप्रकार शिरीष पै यांनी मराठीत आणला. तीन ओळी आणि मोजकी अक्षरे एवढेच उचलणाऱ्यांचे हायकू कोमेजून गेले. एका क्षणाकडे स्तब्ध होऊन पाहण्याची सवय ज्यांनी उचलली त्यांच्या ओळी मराठी झाल्या. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. त्या पुस्तकाने तर कोणतीही परकी चौकट न घेता, दर महिन्याला आपल्याच झाडापेडांकडे कसे पाहावे हे मराठी वाचकांस दाखविले. पुष्परचनेला हेच लागू आहे. नियम जपानचे घ्यावेत, कारण ते कसून तपासलेले आहेत. द्रव्य आपल्या ऋतूचे घ्यावे, कारण तेच आपल्याला पुरते ठाऊक आहे. आणि पाहण्याची सवय दोघांच्या मधून उत्पन्न व्हावी.

वाचकांस आमची सूचना अगदी लहान आहे. पाडव्याच्या सकाळी गुढीची पूजा करण्यापूर्वी रस्त्यावर चार पावले मागे जाऊन तिच्याकडे पाहावे. काठी किती कलली आहे, वस्त्र कोठे जड झाले आहे, डहाळा कोणत्या बाजूने मोकळा आहे, हे ठरवावे आणि एखादी गोष्ट कमी करावी. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत द्राक्षबागांतून खरड छाटणी सुरू होते. त्या वाटेने जाणाऱ्याने बांधावरच्या भाऱ्यातून एक काडी विचारून आणावी, गुढीवरून उतरविलेला तांब्या सुलटा ठेवावा, आणि त्या दोहोंत काय होते ते घरातल्या मुलांबरोबर बसून पाहावे. फुलांची गरज भासली तर एखादे घ्यावे. भासली नाही, तरी काही बिघडणार नाही.